धावड्याचा फासा

पहिला नियम लिहिला तेव्हा सोपा होता:
सुतारकाम करायचं असेल तर फासा टाका,
बारा किंवा वर आला की ढाल तयार.
मूलच्या बाजारातली दोनशेपानी वही
आणि मुखरू वाढईंच्या सपरीत आम्ही चौघं,
भुशावर पोतं टाकून.

लोमेश योद्धा, त्रिवेणी मांत्रिक,
डाकराम चोर (त्याला दरवेळी चोरच व्हायचं असतं),
आणि मी गोष्ट सांगणारी, म्हणजे
राक्षस, नदी, दुकानदार, धुकं
सगळं मीच.

रंधा थांबला.
"कोन्त्या लाकडाची?"
ढाल, आबाजी. नुसती ढाल.
"नुसती ढाल नसते पोरी.
सागाची हलकी, पन चिरते.
शिवण घे, शिवण वाकत नाही.
बिज्याच्या पेल्यात पानी ठेवून पाय,
रातभरात तांबडं होते.
तुह्या मांत्रिकाले काम पडंल."

एका नियमाची चार पानं झाली.
धावडा: कुऱ्हाडीचा दांडा, भाल्याचा दांडा.
तिवस: चाक.
मोह तोडायचा नाही.
तोडला तर कुठल्याच गावात जेवण मिळणार नाही,
मग फासा कितीही येवो.

"अन वाळलं का?"
खेळात कशाला वाळायला हवं, आबाजी?
"ओलं लाकूड खोटं बोलते. एक उन्हाळा."
डाकराम म्हणाला, तोवर राक्षस खाऊन टाकेल ना आम्हाला.
"त्याले सांग थांबाले."
आणि रंधा परत सुरू.

मी लिहिलं: आकडा हुकला तर लाकूड वाया.
ते मात्र त्यांना अजिबात पटलं नाही.
"लाकूड वाया जात नाही, बारीक होते.
दार हुकलं तं पाट होते,
पाटाचं लाटनं, लाटन्याचा भोवरा,
भोवऱ्याची पाचर.
पाचरीच्या खाली मंग चूल."
जसं बोलले तसं उतरवून घेतलं.
बाकी सगळे नियम आम्ही खोडले, फिरवले, भांडून बदलले,
हा तेवढा राहिला.

"अन एक आला तं?"
एक आला तर हत्यार मोडतं.
"हत्यार नाही मोडत."
त्यांनी डावा हात वहीवर ठेवला.
तीन बोटं. नखांत भुसा.
"लिव्ह."
लोमेश नातू त्यांचा. म्हणाला, नको, राहू दे.
ती ओळ अजून कोरी आहे.
एक आला की कुणी काही बोलत नाही,
फासा परत टाकतो.

मग ती रात्र, लाईन गेलेली,
किल्ल्याचं दार हलायला लागलेलं आणि बाहेर राक्षस.
लोमेशला नवं दार हवं होतं, सागाचं, वाळलेलं.
सात. पाट झाला.
चार. लाटणं.
त्रिवेणीचे मंत्र संपले होते.
नऊ. भोवरा. डाकराम हसला, मग हसायचा थांबला.
तीन.
आबाजी कंदील घेऊन वाकले.
"पाचर हाये ना हातात?
मंग नवं दार कायले?
हाये त्याच दाराखाली ठोक."
लोमेशनं ठोकली.
राक्षस, म्हणजे मी,
उजाडेपर्यंत थापा मारत राहिले.

तोवर आमचा फासा प्लास्टिकचा होता,
डाकरामच्या भावानं नागपूरहून आणलेला.
दिवाळीनंतर आबाजींनी धावड्याचा केला,
पंधरा दिवस लागले.
एकोणीस पैलूंवर आकडे, पटाशीनं कोरलेले,
विसावा नुसता घासून गुळगुळीत.
वीस कुठे, आबाजी?
पेन्सिल कानामागे खोचत म्हणाले,
"थो आला का मले दाखवजा."

तो क्वचितच येतो.
आला की आम्ही चौघंही उठतो,
फासा तसाच तळहातावर धरून नेतो:
झालं का हो?
ते कामातून मान वर करतात,
अंगठा फिरवून कड पाहतात
आणि म्हणतात,
"घास अजून."